भिंतीतलं चैतन्य

आप्पा,

आई गेल्याला महिना झाला. आता धाकटीबद्दल बोलायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. तुम्हालाही जाऊन किती वर्षं झाली.

लोहाऱ्याजवळच्या आपल्या गावात तुम्ही संध्याकाळी मारुतीच्या पारावर वेदान्त सांगायचात. दिवसभर रानात राबून आलेली माणसं समोर बसलेली असायची आणि माझी धाकटी बहीण तुमच्या मांडीवर. एकदा तिनं विचारलं, "आप्पा, दगडाला कळतं का?" तुम्ही हसलात. "तुझ्यात हाय तेच दगडात बी हाय. तुझ्यात जागं हाय, दगडात झोपलंय." तेव्हापासून ती आपल्या घराच्या भिंतीजवळून पाय न वाजवता चालायची, भिंतीची झोप मोडू नये म्हणून. तुम्ही कौतुकानं बघत राहायचात. ती भिंत तुम्हीच दगडमातीनं रचलेली होती.

भूकंपात तीच तिच्या अंगावर आली.

आपण पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो, त्यानंतरची गोष्ट. गावातली चार माणसं तुम्हाला पुन्हा पारावर बोलवायला आली. तुम्ही काही बोलायच्या आत चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "ती भिंत बी तेच व्हती का? तेवढं सांगा आन् मग जावा." तिचा आवाज चढलेला नव्हता. तव्यावरची भाकरी करपत होती, तिनं ती उलटली नाही. माणसं हळूहळू उठून गेली. त्यानंतर तुम्ही कुणाला कधी काही सांगितलं नाही.

एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. मी कॉलेजच्या सुट्टीत आलेय, तुम्ही घरात नाही. शोधत शोधत जुन्या गावठाणात येते, तर बाभळी उगवलेल्या आपल्या ढिगाऱ्यात तुम्ही एका दगडावर तळहात ठेवून बसलेले. मी विचारते, "आप्पा, तुम्हाला ते अजून खरं वाटतं?" दगडावरचा हात न काढता तुम्ही म्हणता, "खरं हाय. पण खरं असून भागत न्हाय, माय. म्या ह्या दगडावर राग धरून बघितला, धरवत न्हाय. मायेनं हात फिरवावा, तर त्येबी जमत न्हाय."

शेवटच्या आजारात आईनं एकदा माझा हात धरून विचारलं, "तुझे आप्पा म्हणायचे ते खरं असंल, तर लेक कुठं गेलीच न्हाय. व्हय ना?" इतक्या वर्षांत तिनं तुमच्या वेदान्ताचा विषय पहिल्यांदाच काढला होता. मी व्हय म्हणाले. तिला तेवढं पुरलं. ती शांत झोपली.

मला ते पुरत नाही. सगळं एकच असेल, तर हे पत्र कुणी कुणाला लिहायचं? ते कुठं पाठवता येणार नाही, एवढं कळतं. पण एक कबूल करते, आप्पा. मला एक व्हायचंच नाही. मला दोघं हवीत, हाक मारणारी मी आणि ओ देणारे तुम्ही.