जोनाथनचे चार क्रेट

मळा, इलिनॉय
रविवार, १९ ऑक्टोबर २०२५

ती. वसुधावहिनींस,
दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

अदिती आणि छोटा आर्य मजेत असतील. उद्या लक्ष्मीपूजन, अ‍ॅशबर्नला लेकीच्या घरात फराळाचा वास सुटला असेल. माझं पत्र बघून नवल वाटेल. चार वर्षांत दिवाळीच्या एका मेसेजपलीकडे मी गेलो नाही.

यंदा मोहराच्या वेळी थंडीनं दगा दिला नाही, त्यामुळे फळ उदंड. हनीक्रिस्प सफरचंद सप्टेंबरातच संपलं. शॉमबर्गची मराठी मंडळी अजून लोणच्यासाठी आंबट ग्रॅनी स्मिथ नेतात आणि विचारतात, "काकू कुठे आहेत?" मी सांगतो, नातवात रमल्यात.

ते खरं कारण नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण खरं काय घडलं, ते तुम्हालाही माहीत नाही.

दोन हजार एकवीसचा तो शनिवार आठवा. दुपारीच सायडर, आपला सफरचंदाचा ताजा रस, संपला, दाराबाहेर रांग. तुम्ही शेडमध्ये रसाच्या मशीनवर होतात. म्हणालात, "भावजी, जोनाथनचे चार क्रेट आणता?" ती जोनाथन सफरचंदं तोडायला तासभर लागला असता, आणि झाडांखाली सडा पडला होता. मी तीच फळं ओल्या फडक्यानं पुसून भरली. तिथं हरणं फिरतात, त्यांची घाण फळांना लागते, म्हणून पडलेलं फळ रसाला घ्यायचं नाही, हा नियम तुमचाच.

तुम्ही एक फळ हातात घेऊन विचारलंत, "झाडावरचीच ना?"

"हो वहिनी."

पुढच्या आठवड्यात तो सायडर प्यायलेली हॅना नावाची सहा वर्षांची मुलगी हॉस्पिटलात गेली. नऊ दिवस. इन्स्पेक्टर आला. "पडलेलं फळ आम्ही वापरत नाही," असं तुम्ही त्याला ठामपणे सांगितलंत, आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. मग रसाची टाकी नीट धुतली गेली नसावी, असं ठरलं. दादा तुम्हाला म्हणाला, "वसुधा, आता वय झालं. मशीनजवळ नको जाऊस." तुम्ही तीनदा म्हणालात, "अहो, टाकी मी धुतली होती." मी तिथंच होतो. जानेवारीत तुम्ही अदितीच्या बाळंतपणाला गेलात, त्या परत आलाच नाहीत.

वहिनी, तेव्हा मला भीती वाटली. नंतर सवय झाली. दुसरं जास्त वाईट.

काल हॅना आईबरोबर दुकानात आली. दहा वर्षांची झाली, धडधाकट आहे. तिच्या आईनं विचारलं, "त्या बाई कुठे आहेत? रोज येऊन हिच्या उशाशी बसायच्या. आम्ही त्यांना कधीच दोष दिला नाही."

तुम्ही रोज जात होतात, हे मला ठाऊकच नव्हतं.

दादा मागं फळं निवडत होता. मी जाऊन सगळं सांगितलं. तो ओरडला नाही. हातातलं फळ ठेवून म्हणाला, "चार वर्षं ती मला सांगत होती, आणि मी..." भर सीझनच्या शनिवारी, दुकानात माणसं असताना, सगळ्यांची माफी मागून त्यानं दुकान बंद केलं. आज पहाटे गाडी काढून तुमच्याकडे निघालाय. हे पत्र पोचेपर्यंत तो तिथं असेल. "माझ्या वतीनं काही बोलू नकोस," एवढं मी त्याला सांगितलंय. फोन मुद्दाम केला नाही. तुमचा आवाज ऐकला असता, तर पुन्हा काहीतरी गुळगुळीत बोललो असतो.

इन्स्पेक्टरच्या ऑफिसला आणि हॅनाच्या आईलाही असंच लिहिलंय. त्याचं जे होईल ते होईल.

दादाला घरात घ्या. त्यानं तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, ही त्याची चूक. पण त्याला ठेवता येऊ नये, ही व्यवस्था माझी होती.

मला उत्तर नको. माफ करा असं म्हणायची हिंमत नाही. टाकी तुम्ही धुतली होतीत. मी बघितलं होतं.

आपला अपराधी,
दिगंबर