कूलरच्या आड

बाबा, आज दुपारी मी तुमचा कूलर खिडकीतून काढला. ऐन मे महिन्यात. तुम्ही असतात तर घर डोक्यावर घेतलं असतं, आणि मीही गप्प ऐकून घेतलं नसतं. आई न्हाणीघरात पडली तेव्हापासून मी पुण्याची नोकरी आपल्या मागच्या खोलीतून करते. तिचा पलंग आणि माझं टेबल शेजारी शेजारी, म्हणजे ती नजरेसमोर राहते. इंटरनेटचा राउटर मात्र रस्त्याकडच्या खोलीत, आणि मधे अंगण व तुमच्या लाडक्या जाडजूड भिंती. मोबाइलला तर मागे रेंजच नाही. म्हणून जानेवारीत धरमपेठेतल्या दुकानातून ॲक्सेस पॉइंट आणला. राउटरचा सिग्नल हवेतून घेऊन कॉम्प्युटरपर्यंत पोचवणारी ती एक पांढरी डबी. अंगणाकडच्या एकुलत्या खिडकीशी ठेवली आणि काम सुरळीत सुरू झालं.

एप्रिलपासून बिनसलं. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा, चित्र थांबायचं. मी पासवर्ड बदलले, इंटरनेटवाल्याशी भांडले, नवी डबीसुद्धा आणली. आमच्या मॅडम आधी समजून घ्यायच्या, मग त्यांचं बोलणं तुटक होत गेलं. काल त्यांनी सांगितलं की उद्याच्या मीटिंगमध्ये लाइन तुटली तर पुढच्या महिन्यापासून ऑफिसात यावं लागेल. तसं झालं तर आईजवळ कोण राहणार? आज बारा वाजता मीटिंग सुरू झाली आणि मी तोंड उघडताच मॅडमचा चेहरा पडद्यावर जागीच थिजला. कसाबसा निरोप आला, अर्ध्या तासाने पुन्हा लावते, शेवटचं.

मी डबी हातात घेऊन उभी. राउटर नेमका कुठे म्हणून खिडकीकडे पाहिलं, तर समोर नुसता पत्रा. तुमचा कूलर! थंडीत खिडकी रिकामी होती, तेव्हा डबी लावली. एप्रिलमध्ये वाळ्याच्या नव्या ताट्या घालून कूलर मीच बसवला, दरवर्षीसारखा, काही मनातसुद्धा आलं नाही. लोखंडी पेटी आणि आत टाकीभर पाणी, सिग्नल जाणार कुठून? हे मला शिकलेल्या बाईला महिनाभर सुचलं नाही.

बुटीबोरीच्या कारखान्यातून सुटी मिळाली की तुम्ही अंगणात या कूलरचा पत्रा ठोकत बसायचात, ते दिवस आठवले. घामाने बनियन पाठीला चिकटलेलं. मी ओला हात टाकीला लावते आणि पाठीत धपाटा बसतो. ‘पयले प्लग काढत जाय, मंग हात लाव.’ कोणी हलवू नये म्हणून तुम्ही तो गजांना बोल्टने आवळायचात, आणि यंदा मीही तुमच्याच जुन्या बोल्टांनी तसाच आवळला होता. तो सोडवायचा म्हणजे तुमच्या हाताची गाठ सोडवल्यासारखं वाटत होतं, आणि बाहेर आग ओकणारं ऊन. आईला या खोलीत कूलरशिवाय ठेवू कशी?

पाना घेऊन मी तशीच घुटमळत राहिले. आई पलंगावरून बघत होती.

‘काहून थांबली वं?’ ती म्हणाली. ‘त्यायनं बनवला म्हून काय म्या कूलरसंगं राहू? काढ तो. तू राह्य.’

मी आधी प्लग काढला. बोल्ट गंजले होते, बोटं सोलली, पण निघाले. कूलर अंगणात ओढला, आईच्या अंगावर ओला टॉवेल घातला. मॅडमनी पुन्हा मीटिंग लावली आणि यावेळी लाइन एकदाही तुटली नाही. मी बोलत होते आणि आईचा लालबुंद चेहरा बघत होते. शेवटी मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, तिथूनच करा. आईने डोळे मिटले, आणि त्यातून पाणी आलं. संध्याकाळी लांब केबल आणली. उद्या डबी राउटरला थेट तारेने जोडते आणि तुमचा कूलर परत जागेवर बसवते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सांगते. बारा वाजता पडद्यावर मॅडमचा चेहरा थिजला ना, तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता पुण्याला जावंच लागेल, आणि कोणी मला बोल लावणार नाही. आई तेव्हा माझ्याकडेच बघत होती, बाबा. तिला ते दिसलं असावं.