वडिलांचे शिक्षण

धाकटीच्या आईस,
सप्रेम नमस्कार.

मी खुशाल आहे, खोकला गेला. तुझा गुडघा कसा आहे? खोटं लिहू नकोस.

शिष्यवृत्तीचा अर्ज पोचला. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना ते मुलांच्या शिक्षणाला मदत करणारं मंडळ आणि कॉलेज मिळून देतात, तीच ना? ‘वडिलांचे शिक्षण’ या रकान्यात धाकटीनं ‘सातवी’ लिहिलंय. खरंच आहे. पण इथे कारखान्यात यंत्राच्या नकाशातला अर्ध्या मिलिमीटरचा घोटाळा इंजिनिअरसाहेब मला विचारतात, ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

शिवाय तिच्या चिठ्ठीत सारखं ‘मंडळाचे सर म्हणाले’. भूमिती शिकवली मी, कौतुक सरांचं!

रागानं अर्ज तीन दिवस पेटीत ठेवला. खरं सांगू? राग सरांचा नव्हता. पोरीचाच हेवा वाटला. तिच्या वयात मला ‘पुढे शीक’ म्हणायला कोणी आलं नाही.

आज सही केली. मुदत शुक्रवारची आहे, म्हणून स्पीड पोस्टानं पाठवतोय. सरांना नमस्कार सांग. दुसऱ्या पानावर तिची जन्मतारीख चुकली होती, त्यांच्या नजरेतून सुटली. मी सुधारली आहे, तेही सांग.

पहिल्या वर्षाची पुस्तकं वर्ष संपल्यावर कुणाला देऊन टाकू नका. मला पाठवा.

तुम्हां दोघींचाच.