मशीन घुमतंय, रॉड पेटेना

अहो,

उभ्या आयुष्यात तुम्हाला पत्र लिहिलं नाही. गरजच कधी पडली? शेडमधून हाक मारली की मी घरातून यायची, घरातून मारली की तुम्ही शेडमधून. आज लिहितेय, कारण लाईट नाही. लाईन दुरुस्तीसाठी चारपर्यंत बंद आहे, आणि पाचला तुमचे थोरले दादा टेम्पो घेऊन येणार आहेत, तुमचं वेल्डिंगचं मशीन न्यायला. तोवर नुसतं बसून राहिले तर मला वेड लागेल. म्हणून तुमची मापं लिहायची वही घेतली आणि मागच्या पानापासून सुरुवात केली.

मशीन बंद पडलंय. तुम्ही हातानं बनवलेलं मशीन! पुढच्या खोलीत तांब्याची तार पसरलेली, आणि वेढे मोजायला मला बसवलं होतं, आठवतं? मधेच दूध उतू गेलं, मी पळाले, आणि सगळे वेढे पहिल्यापासून मोजावे लागले. तेव्हा तुम्ही हसलात. आज तुम्ही चिडला असतात तरी चाललं असतं, पण असायला हवे होतात.

बटण टाकलं की घुमतंय, नेहमीसारखंच. पण रॉड पेटेना. लोखंडाला टेकवला की काजव्याएवढी ठिणगी, नाहीतर चिकटून बसतो. वर जळका वास. नऊ दिवस झाले, मी रोज त्याच्याशी झटतेय. प्लग बदलला. होल्डर खोलून साफ केला. रॉड सादळले असतील म्हणून पत्र्यावर उन्हात वाळवले. अर्थचा चिमटा घासूनपुसून लख्ख केला. काही म्हणजे काही उपयोग नाही.

कुर्डुवाडीहून मेकॅनिक बोलावला. त्यानं झाकण उघडलं, वास घेतला आणि लगेच बंद केलं. म्हणाला, हे घरचं काम हाय वहिनी, ज्यानं बांधलं त्यालाच ठाऊक. वासावरनं कॉइल गेलीया. तांबं काढून घ्या, बाकीचं भंगारात द्या.

एक कागद लिहून ठेवला असता तर काय बिघडलं असतं हो? कुठली तार कुठं जाते, काय झालं तर काय बघायचं. सगळं डोक्यात ठेवलंत आणि श्रावणात तसेच निघून गेलात. मी कुणाला विचारू?

आता खरं सांगते. मशीन बंद पडलं ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. वर्ष होईपर्यंत सण करायचा नाही, असं दादांनी बजावलं होतं. मी म्हटलं, सण करत नाही, पण खंडेनवमीला मशीनला हळदीकुंकू लावणार. ते काय मेलेलं नाही. तुम्ही दर नवमीला त्याला लाल ऑईलपेंट द्यायचात, तसा मीही दिला. केबली सोडल्या आणि चाकांपासून पुढच्या दोन बोल्टांपर्यंत एक जागा सुटू दिली नाही. लई देखणं दिसत होतं. तुमच्या फोटोसमोर उभं करून मी पोटभर रडले.

आणि ते बंद पडलं. दादा म्हणाले, “सांगितलं हुतं की, यंदा पूजा नको. आता भोग.” माझ्या मनात तेच घर करून बसलं. तुम्हीच रागावलात का? माझ्या हातची पूजा तुम्हाला चालली नाही का? तेरा वर्षं तुमच्यासमोर बसून लोखंडाचं दुसरं टोक धरलं ते कुणी?

काळी काच तेव्हा एकच होती, ती तुमच्या हातात. रॉड टेकवायच्या आधी तुम्ही म्हणायचात, “डोळं मीट.” मी मिटायची. मिटल्या पापण्यांवर उजेड कळायचा. एकदाही तुम्ही ते म्हणायला विसरला नाहीत, भांडण झालेलं असलं तरी. पुढं दुसरी काच आणलीत आणि होल्डर माझ्या हातात दिलात. शेजारच्या बायका हसल्या, तुम्ही त्यांच्यासमोर मला म्हणालात, आता मी टोक धरतो.

म्हणून मला गावाला जायचं नाही हो. तिथं मला कुणी उपाशी ठेवणार नाही, हे खरं. पण तिथं मी दादांच्या घरातली एक बाई. हितं टेंभुर्णीत मी वेल्डिंगवाल्या वहिनी आहे.

नामदेवतात्यांच्या उसाच्या ट्रॉलीचा हूक तडकलाय. कारखाना सुरू व्हायचाय, उद्या पहाटे त्यांना श्रीपूरला निघायचंय. दुसरीकडं न जाता ते आज सकाळीच माझ्याकडं आले. म्हणाले, तुमच्या हातचा जोड म्हंजे मालकांच्या हातचाच की. दादा तेव्हा शेडमध्येच होते. त्यांनी तिथंच सांगितलं, आज संध्याकाळपर्यंत हा हूक जोडलास तर मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही जमलं तर मशीन टेम्पोत, शेडला कुलूप, आणि तू माझ्याबरोबर गावाला. मी हो म्हटलं. काय करणार होते?

सकाळी दहाला पुन्हा बटण टाकलं. घूं. रॉड चिकटला. मी ओढला, मशीनच पुढं सरकलं, आणि माझा तोल सुटला. मी त्याला लाथ मारली. हो, तुमच्या मशीनला. मग खाली बसून त्याच्या पाया पडले, आणि तिथंच फरशीवर हुंदके देत राहिले. तेवढ्यात लाईट गेली.

म्हटलं, निदान हूक तरी घासून ठेवावा. पॉलिश पेपर शोधायला तुमचा बिस्किटाचा जुना डबा उघडला. तळाशी दोन चिंध्या होत्या, रंगानं कडक झालेल्या. चॉकलेटी, मोराच्या नक्षीच्या. माझ्या माहेरची सोलापुरी चादर!

तिचा कोपरा तुम्ही कापलात म्हणून मी चार दिवस बोलले नव्हते. तुम्ही एवढंच म्हणालात, जाड सुती कापड पाहिजे हुतं, कामाचं हुतं. मी म्हटलं, माझ्या आईच्या चादरीवरच बरी नजर गेली. अजून ती चादर मी कापलेला कोपरा आत दुमडून अंथरते.

चिंध्या हातात घेऊन बघितल्या. बाहेरून लाल रंग, थरावर थर. आतून मात्र कोऱ्या, आणि मधोमध बोल्टाचा गोल ठसा. अहो, रंग द्यायच्या आधी तुम्ही दोन्ही बोल्टांना चिंध्या बांधत होतात! केबल जिथं बसते तिथं रंग लागू नये म्हणून. आणि मी? मी बोल्ट रंगवले, केबलीची पितळी कडी रंगवली, वरून नट आवळले. करंट जाणार कुठून? वास कॉइलचा नव्हता, माझ्या रंगाचा होता.

प्लग काढून दोन्ही बोल्ट खरवडले, कडी खरवडली. पितळ पिवळंजर्द दिसेपर्यंत. मग नट परत आवळले. नखं लाल झालीत. आता फक्त लाईट यायची वाट बघतेय. आणि हेही नसलं तर? खरंच कॉइल गेली असली तर? माझ्याकडं दुसरं काही उरलेलं नाही. चारला पाच कमी आहेत.

पंखा फिरला. जाते.

पेटला! भंगाराच्या पट्टीवर टेकवला आणि पहिल्या झटक्यात पेटला. तोच आवाज, तोच उजेड. तुम्ही रागावला नव्हतात. मीच खुळी.

आता शब्द देते. पुढच्या नवमीला आधी चिंध्या बांधीन, मग रंग. आणि काय बिघडलं तर काय बघायचं, ते सगळं ह्याच वहीत लिहून ठेवीन, माझ्यामागं कुणाला असं रडायला लागू नये म्हणून. चादरीचा कोपरा आता आत दुमडणार नाही.

हूक शिकंज्यात अडकवलाय. टोक धरायला कुणी नाही. समोरच्या भिंतीवर तुम्ही आहात, उघड्या डोळ्यांनी बघताय. रॉड टेकवतेय.

डोळं मिटा.

दुसरं टोक धरणारी,
मंगल