दोन बोटं फोम

मी, प्रभंजन मुकुंदराव पतंगे, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा मोटरसायकल दुरुस्ती, राहणार जुनी हुबळी, पूर्ण शुद्धीत आणि आपल्याच मर्जीने आज माझे मृत्युपत्र सांगत आहे. डॉ. श्रीनिधी देशपांडे यांनी सकाळी मला तपासून डोके शाबूत असल्याचे लिहून दिले आहे. गुडघ्यांबद्दल ते जे बोलले ते इथे लागू नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

माझे शिक्षण कानडी शाळेत सातवीपर्यंत झाले. मराठी घरात बोललो, लिहिली कमी, त्यात आता हात कापतो. म्हणून हे माझी पुतणी सौ. दीपश्री हिच्या हातून लिहवून घेत आहे. ती माझे थोरले बंधू कै. नारायण याची मुलगी. मी त्याला अण्णा म्हणे, ती अप्पा. हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. वकीलसाहेब टाइप करून देतो म्हणाले होते, मी नको म्हटले. का, ते कलम पाचमध्ये येईल. तिने मी सांगेन तसे लिहावे, काही सुधारू नये, आणि कलम पाच पुरे होईपर्यंत पेन खाली ठेवू नये. "काका, हे पण लिहू?" असे ती आत्ता विचारते आहे. हो, हे पण लिही.

कलम १. राहते घर माझा मुलगा अनिश याला. तो बेंगळुरूला असतो आणि घर विकणार हे मला माहीत आहे. विकावे. पण त्याआधी चार दिवस येऊन राहावे, कारण गेल्या दोन दिवाळ्यांना तो नुसता जेवून गेला. बँकेतली ठेव निम्मी त्याला आणि निम्मी दीपश्रीची मुलगी वेदश्री हिच्या शिक्षणासाठी. वेदश्री अठरा वर्षांची आहे, यंदाच धारवाडच्या कृषी विद्यापीठात लागली.

कलम २. गॅरेजमधली सगळी हत्यारे समोरच्या गुरुसिद्धप्पाला. तीस वर्षे तो माझ्याशी इंजिनातल्या टॅपेटच्या फटीवरून भांडला आणि तीस वर्षे त्याचेच चुकत होते. माझा तेरा नंबरचा पाना त्याने १९९८ साली नेला तो अजून त्याच्याच पेटीत आहे. तो आता त्याचाच समजावा, म्हणजे माझी हत्यारे घेताना त्याला तोंड लपवावे लागणार नाही.

कलम ३. माझे वडील दुर्गदबैलच्या बाजारात शिंपीकाम करत. त्यांची कात्री, शिवणयंत्र आणि मापाची टेप माझ्याकडे आहे. मी सुईदोरा सोडून स्पॅनर धरला म्हणून ते वर्षभर बोलले नाहीत, पण टेप माझ्या कामाला आली. पोराला पहिली गाडी घ्यायची म्हटले की हुबळीतले लोक त्याला आधी माझ्याकडे आणत. मी त्याला भिंतीला उभा करून पायाचे आतले माप घेई, वहीत लिही आणि मगच गाडीचे नाव काढी. पतंगेने सांगितले म्हटल्यावर बापलेकांचे भांडण तिथेच मिटे. या गोष्टीचा मला फार गर्व होता. टेप वेदश्रीला द्यावी, कात्री आणि यंत्र दीपश्रीला.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, पण माझ्याकडे देण्यासारखे हेच जास्त आहे. पहिली गाडी निवडताना इंजिन शेवटी बघावे. आधी बसावे. दोन्ही पायांचे पंजे जमिनीला नीट टेकले पाहिजेत, टाचा आठवडाभरात आपोआप टेकू लागतात. मग गाडी मुद्दाम आडवी पाडून एकट्याने उचलून बघावी. उणकलच्या चढावर बंद पडली तर ढकलता येईल का, याचा विचार करावा. गाडी जुनीच घ्यावी, कारण पहिल्या वर्षात ती पडणार, आणि नव्या गाडीला ओरखडा गेला की माणूस आपला गुडघा सोडून टाकीच पुसत बसतो. मित्र सांगेल ती गाडी घेऊ नये. मित्राला मागे बसायचे असते.

सीट उंच वाटली म्हणून कुणी गाडी सोडू नये. सीट उसवून आतला फोम कापता येतो, मागची स्प्रिंग सैल करता येते. अनिशचे माप साडेअठ्ठावीस इंच भरले होते, गाडी त्याला उंच होत होती. मी एका दुपारी त्याची सीट उसवली, फोम कापला, पुन्हा शिवली, आणि तो संध्याकाळी धारवाडला केलगेरी तळ्यापर्यंत जाऊन आला. हे वीस वर्षांपूर्वीचे.

सीट खाली आणता येते तशी वरही नेता येते. आता कलम पाच.

कलम ५. गॅरेजच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली जी शंभर सीसीची लाल मोटरसायकल उभी आहे, ती माझ्या पश्चात दीपश्रीला द्यावी. ती पहिल्यापासून तिचीच होती.

२००२ साली दीपश्री शेतकीची पदवी घेऊन घरी आली आणि अमरगोळच्या एका बियाणे कंपनीत तिला नोकरी लागली. नवलगुंद, कुंदगोळकडच्या शेतकऱ्यांच्या बांधावर जायचे काम. अट एकच, स्वतःची मोटरसायकल हवी. पावसात त्या काळ्या मातीत स्कूटरची लहान चाके रुतून बसतात. हजर व्हायला पंधरा दिवस होते. माझ्याकडे ही गाडी सुटी होऊन पडली होती. आम्ही दोघांनी बारा दिवसांत ती जोडली. कार्बोरेटर तिने धुतला, चेन तिने बसवली. तिचे माप मी पहिल्याच दिवशी घेतले होते, एकोणतीस इंच, वहीत आहे. गाडी तिला बरोबर बसणार होती. फक्त सीट शिवायची राहिली होती.

त्या दिवशी अण्णा गॅरेजात आला. म्हणाला, "प्रभू, तूच सांग तिला. मी नको म्हटलं तर ती जन्मभर माझ्या नावानं बोलेल. एकटी पोरगी काळ्या रानात, गाडी बंद पडली तर कुणाला हाक मारायची?" मी म्हणालो, "बघतो अण्णा." त्याने मला धमकी दिली नाही, गळ घातली नाही. थोरल्या भावाने जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितले, एवढ्यानेच मी फुगलो. काय करणार हे त्याने विचारले नाही. ते माझ्या डोक्यातून निघाले.

मी वडिलांच्या यंत्रावर सीट शिवली. शिवताना मूळच्या फोमवर दोन बोटे जाडीचा पिवळा, कडक फोम चिकटवला आणि वर रेक्झिन ओढून घेतले. मागची स्प्रिंग शेवटच्या खाचेपर्यंत आवळली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा, त्याची बायको मालतीवहिनी आणि दोन गिऱ्हाइके यांच्या देखत दीपश्री गाडीवर बसली. नुसती बोटे टेकली. गाडी डावीकडे कलली आणि ती गाडीखाली गेली. गुडघ्यावरची खूण अजून आहे. मी गाडी उचलली आणि म्हणालो, "दीपा, पाय पुरत नाहीत गं. गाडी याच्या खाली येत नाही."

ती म्हणाली, "असू दे की काका. तुम्ही तरी काय करणार."

नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. दोन वर्षांनी तिचे लग्न झाले. ती सुखी आहे असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे, तिला कधी विचारले नाही. दर खंडेनवमीला ती येते, हत्यारांना हळदकुंकू वाहते, या गाडीलाही वाहते आणि हसून म्हणते, "माझ्या पायांना न पुरलेली." मग मी तिच्या हातचा प्रसाद खातो. मला त्याची लाज वाटते. दोनदा मी तो फोम काढायला कात्री घेतली होती. पण फोम काढला असता तर पुरावा गेला असता आणि मी फुकट सुटलो असतो, म्हणून तसाच ठेवला.

यंदा खंडेनवमीला वेदश्री म्हणाली, "आजोबा, माझं माप घ्या की. मला गाडी हवी आहे." मी टेप काढली. तेवढ्यात दीपश्री म्हणाली, "कशाला ओ काका? आमच्या घरातल्या बायकांचे पाय आखूडच. मी बसून बघितलंय." मुलगी बरं म्हणाली. मी टेप गुंडाळून ठेवली. अण्णाला जाऊन अकरा वर्षे झाली, तो काही त्या दिवशी मला सांगायला आला नव्हता. ते गप्प राहणे एकट्या माझे होते.

दीपा, तुझे पाय आखूड नाहीत. कधीच नव्हते. वेदश्रीचे तर नजरेनेच तीस भरतात. तुझ्यासमोर तोंड उघडायला मला दुसरा रस्ता सापडला नाही, म्हणून तुलाच लिहायला बसवले.

इथून पुढचे अक्षर माझे आहे. वाकडे आहे, वाचून घ्यावे.

दीपश्रीने वरचे वाक्य पुरे केले, पूर्णविराम दिला, पेनाला टोपण लावले आणि उठली. मला वाटले घरी गेली. थोड्या वेळाने गॅरेजात ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. मी जाऊन पोचेपर्यंत तिने वडिलांच्या कात्रीने सीट एका बाजूने उसवली होती. पिवळा फोम सहज निघेना, तिने दोन्ही हातांनी ओढून काढला आणि टेपने मोजला. "दीड इंच," ती म्हणाली. मग विचारले, "स्प्रिंगचा पाना कुठाय?" मी दिला. तिने स्प्रिंग स्वतः खाली आणली. तेवीस वर्षांत ती विसरली नव्हती. सीट बसवून, पदर खोचून ती गाडीवर बसली. पंजेच काय, टाचाही टेकल्या.

तिने दोन्ही मुठी धरल्या. मी म्हणालो, "दीपा, चुकलं माझं."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अप्पा घाबरत होते, ते मला ठाऊक होतं. ते नको म्हणाले असते तर मी भांडले असते आणि गेले असते. तुम्ही सांगितलंत, म्हणून भांडले नाही."

तिने मला माफ केले की नाही ते लिहिता येत नाही, कारण त्याबद्दल ती काही म्हणाली नाही. उतरताना एवढेच म्हणाली, "वेदश्रीला पाच वाजता आणते. तिला मी काही सांगणार नाही. तुम्ही सांगा. जिवंतपणी सांगा."

म्हणून कलम पाचमधली गाडी या मृत्युपत्रातून वगळावी, ती आजच दिली. टेपही आज लागणार आहे, तीही वगळावी. उसवून काढलेली फोमची पट्टी मात्र माझ्या मालमत्तेत धरावी. तिच्यावर अण्णाचा किंवा दुसऱ्या कुणाचा हक्क नाही.

ठिकाण: जुनी हुबळी
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५, दुपारी साडेतीन

मृत्युपत्र करणार: प्रभंजन मुकुंदराव पतंगे

साक्षीदार:
१. गुरुसिद्धप्पा (सही कानडीत. तेरा नंबरचा पाना त्यांनी आणून टेबलावर ठेवला आहे.)
२. डॉ. श्रीनिधी देशपांडे

लेखनिक: सौ. दीपश्री
कलम पाच संपेपर्यंतचे अक्षर माझे. सांगितले तसे लिहिले. काही सुधारले नाही.