आबांचा दगड करमाफ झाला

ती. रतनआक्का,

धाकट्या कोंडाजीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, दाजींचा खोकला उतरला का, आणि आंबीच्या कारखान्यांचा धूर अजून तुमच्या वाळवणावर बसतो का, हे सविस्तर कळव. फोनवर तू तिन्हींचं मिळून "बरं हाय" एवढंच सांगतेस, म्हणून हे पत्र. इकडे सर्व ठीक. ("देवाच्या कृपेने ठीक" असं लिहायची रीत आहे. आबांनी जन्मभर ते शब्द गाळून पत्रं लिहिली आणि मीही गाळतो. सध्या मात्र गाळताना पेन जरा अडतं. कारण पुढे येईल.)

आबांची शनिवारची बैठक तुला आठवते ना? घराला लागून त्यांनी स्वतः दगडमातीत उभी केलेली ती खोली. गावाने तिचं नाव 'बिनदेवाची खोली' ठेवलं होतं आणि आबांना ते पदवीसारखं वाटायचं. देव न मानणारे गावात मोजकेच, पण मानणारेही झाडून यायचे, कारण आबांशी भांडल्याशिवाय त्यांचा आठवडा सरत नसे. सगळे एकदम बोलायचे, म्हणून आबांनी पवनेच्या पात्रातला गोटा खांद्यावरून आणला आणि मधल्या चौथऱ्यावर ठेवला. ज्याचा हात दगडावर, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं. (हा नियम आबांनी कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. मी पुष्कळ शोधलं, सापडला नाही. त्यांनाच सुचला.) आईचं सारवण खराब होऊ नये म्हणून वहाणा बाहेर काढायच्या. डोंगरातल्या वाडीवरून शिदूमामा यायचे आणि दगडावर हात ठेवून वाघाच्या गोष्टी अशा सांगायचे की वाघ आहे की नाही यावर वेगळा वाद लागायचा. गुळाचा कोरा चहा व्हायचा. आणि तू, दोन वेण्या घातलेली, एकदा उंबऱ्यातून उठून थेट मध्ये आलीस, दगडावर दोन्ही हात ठेवलेस आणि विचारलंस, "आबा, देव न्हाईच, तर तुमी रोज भांडता कुनाशी?" सगळी खोली हसली. आबा हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या चहाबरोबरचा गुळाचा खडा तुला दिला. मला त्या गुळाचा अजून राग आहे.

असो. यंदा पंचायतीने गावातली सगळी बांधकामं नव्याने मोजली. (कोणती पंचायत ते लिहीत नाही, पत्र कुणाच्या हाती पडलं तर उगाच वाढायचं.) देवळांना घरपट्टी माफ, आणि आपली खोली लागली 'व्यापारी' म्हणून, कारण तिथे माणसं जमतात आणि चहा होतो. तिकडे लोणावळ्याच्या एका बंगलेवाल्याने गेटाशी छोटं देऊळ बांधलंय, त्याला माफी. त्याच्यामागे 'भक्तनिवास' आहे, त्यालाही माफी. तिथे शनिवार-रविवारी मुंबईचे भक्त गाड्या भरून उतरतात आणि पोहण्याच्या टाकीत रात्रभर गाणी लावून भक्ती करतात. मी कारकुनाकडे गेलो. म्हटलं, मला माफी नको, सारखेपणा पाहिजे. रस्त्यावरचा दिवा देवळापुढे जेवढा उजेड पाडतो तेवढाच माझ्यापुढे पाडतो. मग त्याचं बिल एकट्या न मानणाऱ्याने का भरायचं? एक तर दोघांना माफ करा, नाही तर दोघांकडून घ्या. कारकून बिचारा भला माणूस. हळूच म्हणाला, "भाऊ, भिंतीवर कुटल्याबी देवाचा एक फोटू लावा. पुढचं मी बगतो." मी नाही म्हटलं. उलट फेरतपासणीचा अर्ज करून आलो. (अर्ज मीच लिहिला होता. आता वाटतं, थोडा वाईट लिहायला हवा होता.)

तपासणीचा माणूस नेमका शनिवारी आला. दारात ओळीने वहाणा. आत माणसं मांडी घालून. हौशीराम वाकून दगडावर हात ठेवतो, डोळे मिटतो (त्याला डोळे मिटल्याशिवाय बोलता येत नाही, तुला माहीत आहे) आणि सगळे एकदम गप्प. हौशीराम नवसाने पाऊस पडत नाही हे सिद्ध करत होता, पण ते दारापर्यंत ऐकू गेलं नसावं. मग दुसरा वाकला, मग तिसरा. पाहुण्याने बूट काढले, आत आला, दगडाला हात लावून तो कपाळाला लावला, मोबाइलवर फोटो काढला आणि चहा न घेता गेला. मला वाटलं, वळण चांगलं आहे पोराला. पुढच्या आठवड्यात कागद आला: देवस्थान, जागृत, करमाफ.

मी तो कागद परत करायला गेलो. कारकून म्हणाला, आता नोंद झाली, काढायची तर ग्रामसभेत 'सदर दगड हा देव नाही' असा ठराव हवा. झाली ग्रामसभा. ठराव मीच वाचला. शेजारच्या कमळाबाई उठल्या आणि म्हणाल्या, "गेणूआबानं खांद्यावरनं आणल्याला दगुड हाय त्यो. त्याला न्हाई म्हनायला माजा हात वर व्हनार न्हाई." बायका माना हलवू लागल्या. वर गेला तो माझा एकट्याचा हात. हौशीराम, आबांचा पट्टशिष्य, पंख्याकडे बघत होता. बाहेर गाठलं तर म्हणतो, "कोंडाजी, देव न्हाई असं मी कवाबी म्हनीन. पर ह्योच देव न्हाई, असं बोट दावून कसं म्हनू? घरी म्हस व्यायला झालीया." मग मी नुसता कर तरी भरावा म्हणून गेलो. कारकून म्हणाला, देवस्थानाकडून कर घेता येत नाही, लयच मनात असेल तर दानपेटीत टाका. कुठल्या, विचारलं. म्हणाला, तुमच्याच.

इथपर्यंत मीही हसलो असतो. पण दुसऱ्या दिवशी कमळाबाईंनी माझ्यावरच्या मायेने दगडाला शेंदूर फासला आणि वर चांदीचे डोळे बसवले. त्या शनिवारी सगळे आले, वहाणा काढून बसले आणि कुणी दगडावर हात ठेवीना. हौशीरामने नारळ ठेवला. परवाच्या शनिवारी तर घाटात चढणाऱ्या आगगाडीची शिटी खोलीत ऐकू आली. आक्का, आबांच्या वेळी ती शिटी मी त्या खोलीत कधी ऐकली नव्हती. मानणाऱ्याला बसायला गावात जागोजाग ओटे आहेत. न मानणाऱ्याला बोलायला एवढी एकच जागा होती, ती माफीत गेली. कर मी हसत भरला असता. माणसं पुन्हा बोलती कशी करू, एवढंच मला सुचत नाही.

दाजींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद (आशीर्वादाला देव लागत नाही, थोरपण पुरतं).

तुझा,
कोंडाजी

ता. क. पत्र तक्रारीचं नाही. मी आता काही करणार नाही, विषय संपला.

ता. क. २. शनिवारच्या आत ये. शेंदूर उतरवायचाय. कमळाबाईंशी मी बोललोय, त्या म्हणाल्या, रतननं काढला तर माजं काय न्हाई. मी स्वतः रॉकेल आणि फडकं घेऊन दोनदा दगडापुढे बसलो. हात पुढे जात नाही. ही भीती नव्हे, हे लिहून ठेव. ते डोळे जरा तिरपे बसलेत आणि माणूस चूक बोलला की आबा बघायचे तसे बघतात. तुझी देवाशी रोजची बोलाचाली आहे, तू केलंस तर त्याला राग येणार नाही. आणि शेंदूर निघाला की हात ठेवून पहिली तू बोल. माझ्याविरुद्ध बोललीस तरी चालेल.

ता. क. ३. येताना खोबरेल आण, त्यानेच काढू. रॉकेल झोंबतं.