तोझरचा पंप थांबेना

ट्यूनिस, १२ मार्च १९८५

प्रिय बाबा,

तुमच्या हातांचं चुंबन. मी बरी आहे, नीट जेवते. आईचे गुडघे कसे आहेत?

काल मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. तोझरच्या खजुरीच्या बागेतल्या विहिरीचा पंप चालू-बंद करणाऱ्या छोट्या संगणकाचा प्रोग्राम मी इथे मोठ्या संगणकावर, दोघांनाही कळणाऱ्या एका मधल्या भाषेत उतरवला आणि त्या मोठ्यावरच तीनदा तपासला. मधली भाषा दोन्हीकडे सारखीच, म्हणून निर्धास्त होते. पण छोट्यात मोठा आकडा मावत नाही. नऊ तासांनी सेकंदांची मोजणी उलटून उणे झाली, थांबायची वेळ कधी आलीच नाही आणि पंप थांबेचना. राखणदार लझहरकाकांनी खटका ओढला म्हणून विहीर कोरडी पडायची वाचली; बागेत मात्र पाणीच पाणी झालं.

"पोरी, खजुरांना पोहायला शिकवतेस काय?" ते फोनवर म्हणाले. मला हसू येईना.

दुकानात तुम्ही आपल्या मापाने मोजलेलं तेल गिऱ्हाइकाच्या मापाने पुन्हा मोजायला लावायचात. मीच विसरले.

उद्या तोझरला जाऊन दहा तास त्या छोट्यासमोर बसणार आहे. आईला सांगा, खजूर आणायला गेलेय.

तुमची,
रौदा